मयेकर सर आणि सात एमएमचा सूट

"रात्री पंखा कितीवर लावतेस?"

मयेकर सरांच्या गाळ्यात पाऊल टाकलं की नाव, गाव, वय यांच्या आधी हा प्रश्न यायचा. मलाही आला. तेव्हा मी चाळिशीला टेकले होते. बोरिवलीच्या एका शाळेत भूगोल शिकवत होते. मालवणला सहलीला गेले असताना समुद्रात एकदा बुडी मारून आले आणि ते खूळ डोक्यात असं बसलं की उतरायला तयार होईना. कुणीतरी सरांचा पत्ता दिला, म्हणून अंधेरीच्या त्या इंडस्ट्रियल इस्टेटीत शोधत शोधत पोचले होते.

"चारवर," मी म्हटलं.

"आणि अंगावर?"

"चादर."

"डोक्यावरून?"

मी मान डोलावली.

"मगे पंखो कित्याक लावतंस गो बाय?" असं म्हणून ते इतके मोठ्याने हसले की शेजारच्या गाळ्यात स्टीलचे डबे ठोकणारा माणूस डोकावून गेला. मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "मालवणला तीन एमएम चालेल. धरणात उतरायचं झालं तर पाच. बर्फाच्या पाण्यात गेलीस तर सात, आणि वर टोपी. तुला थंडी वाजते. लाजायचं काही नाही त्यात."

एमएम म्हणजे रबराची जाडी. पाण्याखाली घालायचे ते काळे सूट तीन, पाच, सात अशा मिलिमीटरच्या जाडीचे येतात. कुठल्या पाण्यात कुणी कुठला घालायचा हे ठरवणं हा मयेकर सरांचा खरा धंदा होता. म्हणायला ते पाण्याखाली बुडी मारायला शिकवण्याचे वर्ग घेत, दर रविवारी सकाळी एका पोहण्याच्या तलावात. आठवडाभर या गाळ्यात बसून सूट भाड्याने देत, दुरुस्त करत. पण त्यांचा जीव होता तो जाडी ठरवण्यात.

त्यांचं म्हणणं असं की मुंबईच्या माणसाला थंडी म्हणजे काय ते माहीतच नाही. डिसेंबरात सकाळी जरा वारा सुटला की तो हौसेने स्वेटर काढतो आणि नऊ वाजता कमरेला बांधून फिरतो. त्याला विचारलं की तुला थंडी सोसते का, तर तो छाती काढून हो म्हणणार. त्याला वाटतं थंडी म्हणजे ऑफिसातला एसी. म्हणून सरळ विचारायचं नाही, पंखा विचारायचा. मे महिन्यात गिझर लावतोस का ते विचारायचं. एसीखालची खुर्ची मिळाली तर बदलून घेतोस का ते विचारायचं. शक्यतो बायकोला बरोबर आणायला सांगायचं, म्हणजे साक्ष मिळते.

एकदा एक नुकतंच लग्न ठरलेलं जोडपं आलं होतं. मुलगा व्यायामशाळेत कमावलेल्या अंगाचा. म्हणाला, "मी एसी अठरावर लावून उघडा झोपतो." सरांनी मुलीकडे पाहिलं. ती बिचारी खाली बघत म्हणाली, "मागच्या महिन्यात माथेरानला गेलो होतो सगळे घरचे, तर हा माकडटोपी घालून जेवायला बसला होता." सरांनी खुंटीवरचा सात एमएम काढून त्याच्या खांद्यावर टाकला आणि मुलीला म्हणाले, "लग्न कर. खरा बोलणारी बायको मिळाली तर ह्यो जगतलो." मुलगासुद्धा हसला. सरांच्या गाळ्यात कुणाला रागवायला फुरसत मिळायची नाही.

दिसायला ते बुटके, मानेला जाड, केस मागे विरळ झालेले. वय साठीच्या आसपास. आवाज असा की तलावाच्या एका टोकाला बोलले तर दुसऱ्या टोकाला ऐकू यावं. वडील मालवणकडून येऊन गिरणीत लागलेले. गिरणी बंद पडल्यावर घरात जे मिळेल ते काम करायची पाळी आली, तेव्हा हे बंदरात बोटींचे तळ खरवडायला पाण्याखाली जाऊ लागले. मग धरणांची दारं तपासायची कामं आली. घाटातल्या धरणाचं पाणी वर कोमट लागतं आणि खाली गेलं की एका जागी एकदम बदलतं, कुणीतरी फ्रीजचं दार उघडावं तसं. सर सांगायचे, "तिथपर्यंत सगळे हिरो असतात."

शिकवायला लागले की ते मराठी बोलत आणि मस्करी सुरू झाली की मालवणी. वर्गात कुणाचं खरं नाव टिकायचं नाही. प्रत्येकाला मासळीबाजारातलं नाव मिळायचं. एक काडीसारखा इंजिनिअर होता, तो सुकट. टक्कल पडलेले बँकेतले एक गृहस्थ, ते पापलेट. मी पायात पोहायचे रबरी पंख घालून काठावर तिरकी चालायची आणि वर भांडायची, म्हणून कुर्ली, म्हणजे खेकडी. नाव मिळालं म्हणजे आपण त्यांच्यातले झालो असं आम्हाला वाटायचं. नाव मिळायला उशीर झाला तर माणसं खट्टू व्हायची. सुकटने तर स्वतःच्या मोटारसायकलच्या हेल्मेटवर ते नाव रंगवून घेतलं होतं.

मस्करीत त्यांचं शिकवणंही असायचं. एकदा पापलेटकाकांनी हट्टच धरला की मला सातच द्या, जेवढा जाड तेवढी ऊब जास्त. सूट त्यांना ढगळ होत होता, काखेत आणि कमरेत चुण्या पडत होत्या. सरांनी त्यांना तसंच उभं केलं. कोपऱ्यातल्या पेटीतून बर्फाच्या पाण्याचा तांब्या भरून घेतला आणि मानेपाशी सूट ओढून आत ओतला. काकांची किंकाळी शेजारच्या डबेवाल्यापर्यंत गेली असणार.

"कळलं?" सर म्हणाले. "सूट पाणी अडवत नाही. तो थोडं पाणी आत घेतो. ते तुमच्या अंगाने तापतं आणि तेच तुम्हाला सांभाळतं. पण सूट ढगळ असला, कुठे फट असली, तर तापलेलं पाणी निघून जातं आणि नवं गार आत येतं. मग तुम्ही आख्खं धरण तापवत बसता. अंगाबरोबरचा पाच हा ढगळ सातपेक्षा बरा."

म्हणून जाडी ठरली तरी त्यांचं काम संपायचं नाही. ते प्रत्येकाला सूट घालून समोर उकिडवं बसायला लावत, हात वर करायला लावत. मग पाठीमागे जाऊन कमरेच्या वरच्या खळग्यात रबर चिमटीत धरून बघत. चिमटीत रबर आलं तर सूट परत. मानेपासून कमरेपर्यंत झिपवर अंगठा फिरवून बघत. हे केल्याशिवाय कुणाला पाण्यात सोडायचं नाही, हा त्यांचा नेम होता. त्यात बायकांच्या बाबतीत चिमूट मी घ्यायची, ते दुरून बघायचे. नेम म्हणजे नेम.

मिलिंदला या वर्गात मी आणलं. तो आमच्या शाळेत गणित शिकवायचा. राहायला दहिसरला, आईबरोबर. वडील वाशीमकडून येऊन इथे नोकरीला लागले होते, ते आता नव्हते. मिलिंद अंगाने मोठा होता. मोठा म्हणजे स्टाफरूममध्ये त्याची खुर्ची वेगळी होती, हाताच्या दांड्या नसलेली. बोलायला मऊ. मुलांवर कधी आवाज चढवायचा नाही. पोहायचा मात्र असा की बघत राहावं. जमिनीवर जपून पावलं टाकणारा हा माणूस पाण्यात गेला की हलका व्हायचा. पाठीवरच्या टाकीतली हवा सगळ्यात कमी त्याला लागायची. सर म्हणायचे की इतका शांत श्वास त्यांनी तीस वर्षांत फार थोड्या लोकांचा पाहिला आहे.

त्याला नाव मिळालं देवमासा. पहिल्याच रविवारी, तो पाण्यात उतरायच्या आधीच.

आणि पंख्याचा प्रश्न मिळाला नाही. तो गाळ्यात आला तेव्हा आम्ही सात-आठ जण तिथे होतो. सरांनी त्याच्याकडे नखशिखांत पाहिलं, आमच्याकडे वळले आणि म्हणाले, "ह्येका काय विचारूचा? ह्येचो सूट देवानच शिवल्यान हा, आतल्या बाजून. सात काय, चौदा एमएम!" आम्ही खो खो हसलो. मिलिंद सगळ्यांत मोठ्याने हसला. पोटावर थाप मारून म्हणाला, "फुकटात सर, भाडंपण नाही." मग तर काय, गाळा डोक्यावर घेतला आम्ही.

पुढची दोन वर्षं ती मस्करी चालूच राहिली. जेवायला बसलो की देवमाशाला दोन ताटं. मालवणला होडीत बसायचं तर देवमासा मधोमध. मिलिंद हसायचा, कधी कधी स्वतःच सुरुवात करून द्यायचा. सरांना तो फार आवडायचा, हे मात्र खरं. ते त्याला स्वतःच्या हाताने कोलंबी सोलून वाढायचे. ज्या माणसाची सर मस्करी करत नसत, तो माणूस त्यांना आवडत नसे, असं साधं गणित होतं. आम्हालाही ते पटलेलं होतं.

मग हिमाचलची सफर ठरली. तिथे सरांचा एक जुना ओळखीचा माणूस होता, त्याने डोंगरातल्या एका तलावात उतरायची परवानगी काढून ठेवली. बर्फ वितळून भरणारा तलाव. मुंबईच्या उपनगरातले आम्ही आठ जण बर्फाच्या पाण्यात उतरणार म्हणून हवेत होतो. सर मात्र महिनाभर आधीपासून तापत होते. "मालवण विसरा," रोज सांगायचे. "हे गोडं पाणी. यात तुम्ही कमी तरंगता, म्हणून बुडायला कमरेला बांधायचं शिसं कमी लागतं. पण सूट जाड, तो वर खेचतो, म्हणून शिसं जास्त लागतं. आणि खाली गेलात की रबर दाबलं जातं, सातचा सात राहत नाही. त्यामुळे ज्याला जो दिलाय तोच घालायचा. अकला पाजळायच्या नाहीत."

सूट घालून बघायचा दिवस म्हणजे जत्राच होती. गाळ्यात एका कोपऱ्यात पडदा लावलेला. एकेक जण आत जाऊन अंगाला पावडर फासून सात एमएममध्ये शिरायची धडपड करायचा, आणि बाहेरून सर धावतं वर्णन करायचे. पडदा हलला की, "सुकटीचो एक पाय गेलो!" आतून कण्हल्याचा आवाज आला की, "आता पोट भांडता हा!" हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मिलिंद आत गेला. त्याच्यासाठी सरांनी कुठूनतरी सगळ्यात मोठा सूट मिळवून आणला होता. पडदा बराच वेळ हलत राहिला. "पडदो फाटतलो रे मेल्या!" सर ओरडले. "देवमासो जाळ्यात गावलो!" सगळे हसले. थोड्या वेळाने आतून मिलिंदचा आवाज आला, "झालं सर. बसला."

"बसलो? मगे बाहेर ये, दाखव."

"काढला पण सर. फार गरम होतंय आत."

सर एक क्षण थांबले. मी त्यांच्या शेजारीच होते. त्यांची चिमूट राहिली होती, झिपवरचा अंगठा राहिला होता, आणि ते त्यांच्या लक्षात आलं होतं. पण आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, पुढचं वाक्य काय येतं म्हणून. ते म्हणाले, "गरम होतला नाय तर काय? दोन-दोन सूट घालून बसलो हा तो!" आणि पुढच्याला आत पाठवलं.

तलावाकाठी आम्ही पोचलो तेव्हा ऊन लख्ख होतं आणि हवा इतकी कोरडी की ओठ फुटले होते. पाण्यात हात घातला तर हाडं दुखायची. सगळे गाडीच्या या बाजूला कपडे बदलत होते, मिलिंद पलीकडच्या बाजूला गेला. परत आला तो पूर्ण तयार होऊन, टाकीचं जाकीट वर चढवून, पट्टे आवळून. त्याचा जोडीदार स्वतः सरच होते. त्यांनी हवा तपासली, पट्टे ओढून पाहिले, टोपी नीट बसवली. जाकीट पाठीवर असताना त्याखालचं काही दिसत नाही.

मी दुसऱ्या जोडीत होते, म्हणून पाण्याखालचं मला सरांनीच नंतर सांगितलं, तेही एकदाच. सुरुवातीला सगळं ठीक होतं. मध्ये त्यांनी हाताने खूण करून विचारलं, बरा आहेस ना? त्याने अंगठा आणि बोट जुळवून गोल करून दाखवला, बरा आहे. थोड्या वेळाने परत विचारलं. त्याने परत हात वर केला, पण अंगठा आणि बोट एकमेकांना लागेनात. तो त्या बोटांकडे बघत राहिला, जणू ती दुसऱ्या कुणाची आहेत. सरांनी त्याच क्षणी त्याला धरला आणि वर आणायला घेतला.

आम्ही काठावर आलो तेव्हा सर त्याला आडवा करून जाकीट सोडवत होते. मिलिंदचा चेहरा राखेसारखा. दात वाजत नव्हते, म्हणजे अंगात कुडकुडण्याचंही बळ उरलं नव्हतं, आणि त्याचीच आम्हाला भीती वाटली. जाकीट निघालं आणि सरांनी त्याला कुशीवर वळवला.

झिप अर्धीच लागलेली होती. कमरेपासून वर थोडी आली होती आणि तिथे अडली होती. वर पाठ उघडी. झिपच्या टोकाला बुटाची नाडी बांधून ती मानेपाशी अडकवली होती, उघडी बाजू फार फाकू नये म्हणून. त्या सगळ्या वेळात बर्फाचं पाणी त्याच्या पाठीवरून आत-बाहेर करत होतं.

 सरांनी ओला सूट कात्रीने कापून काढला, त्याला कोरडा केला, घोंगड्यांत गुंडाळला, गाडीत घेतला आणि स्वतः उघड्या अंगाने त्याला मिठीत धरून बसले. सुकट हातपाय चोळायला पुढे आला तर त्याला ओरडून मागे सारला, चोळायचं नाही म्हणून. गोड कोमट पाणी घोट घोट पाजत राहिले. बऱ्याच वेळाने मिलिंदला हुडहुडी भरली. ती सुरू झाली तेव्हा सरांच्या तोंडून पहिल्यांदा श्वास सुटल्यासारखा आवाज आला.

मग मिलिंद बोलला. जीभ जड झालेली, तरी कळलं. म्हणाला, "सॉरी सर. सगळ्यांचा डाइव्ह गेला माझ्यामुळे."

सर त्याच्याकडे बघत राहिले. "झिप लागत नव्हती तर सांगायचं नाही रे?"

"सगळे होते ना सर," मिलिंद म्हणाला.

गाडीत पुढच्या सीटवर मी होते. मागे वळून बघायची माझी हिंमत झाली नाही. गावातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं आणि धोका टळला म्हणून सांगितलं. त्याच्या खाटेशेजारच्या बाकावर बसून सरांनी त्याला तो प्रश्न विचारला, दोन वर्षांनी. "रात्री पंखा कितीवर लावतोस?"

"दोनवर सर," मिलिंद म्हणाला. "मला खूप थंडी वाजते. लहानपणापासून."

मुंबईला परतल्यावर मयेकर सर बदलले म्हणणं कमी आहे, मयेकर सर गेलेच. वर्ग चालू होता. रविवारी सकाळी तलावावर एक माणूस यायचा, सगळ्यांना अहो-जाहो करायचा, सूट द्यायचा, चिमूट घ्यायचा, झिपवर अंगठा फिरवायचा. पंखा मात्र विचारायचा नाही. नुसतं एवढंच म्हणायचा, "थंडी वाजत असेल तर मला एकट्याला सांगा. नंतर फोन केलात तरी चालेल." पडद्याच्या कोपऱ्यात त्यांनी फळ्यांची खोली करून घेतली आणि कुणी आत असलं की स्वतः गाळ्याबाहेर जिन्यात जाऊन उभे राहायचे.

आम्हाला ते सोसेना. एका रविवारी सुकटने मुद्दाम विषय काढला. "सर, कुर्ली आज किती तिरकी चालतेय बघा ना!" मीही मदत म्हणून चार पावलं तिरकी चालले. सरांचा चेहरा एवढासा झाला. ते म्हणाले, "यांचं नाव सुजाता आहे," आणि पाठ फिरवून पाण्याचं काहीतरी तपासायला गेले. सुकट ओशाळला. खरं तर आम्ही सगळेच ओशाळलो, आणि मग हळूहळू आमचं येणं कमी झालं. बिनमस्करीचा वर्ग आम्हाला नको होता, हेही लाज वाटण्यासारखंच होतं.

मिलिंद परत आलाच नाही. शाळेत भेटायचा, चांगला बोलायचा. सर त्याला दर रविवारी फोन करायचे. मिलिंद दर वेळी त्यांचीच समजूत घालायचा. "असू दे ना सर. माझीच चूक होती. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." ते फोन संपले की सर आणखी खचलेले दिसायचे. मला एकदा म्हणाले, "तो मला बोलूच देत नाही. मी माफी मागायला जातो आणि तोच मागून मोकळा होतो."

शेवटी ते मला म्हणाले, "मला त्याच्या घरी घेऊन चल." त्यांना त्याच्यासाठी मापाचा सूट शिवून घ्यायचा होता, सात एमएमचा, अंगाबरोबर बसणारा. त्यासाठी माप घ्यायला हवं होतं. मी म्हटलं, सर, फोनवर विचारून बघा. ते म्हणाले, "फोनवर तो हो म्हणेल आणि येणार नाही."

 रिक्षात दहिसर चेकनाक्याच्या अलीकडे गर्दीत अडकलो तेव्हा सर म्हणाले की धरणावर ते नवीन लागले होते तेव्हा थंडीने कुडकुडायचे, आणि वरून दोर धरणारे लोक त्यांना कुडकुड्या म्हणून हाक मारायचे. मी विचारलं, तुम्हाला राग नाही यायचा? "मी पण हसायचो," ते म्हणाले, आणि बाहेर बघत राहिले.

नदीजवळच्या एका नव्या इमारतीत मिलिंदचं घर होतं. आईंनी दार उघडलं. मिलिंद घाईघाईने आतून आला, "अरे सर, तुम्ही कशाला आलात, मीच आलो असतो," म्हणत. सर सोफ्याच्या कडेवर बसले. मांडीवर कापडी पिशवी, तिच्यात मोजपट्टी. पाणी आलं, ते तसंच राहिलं.

"मिलिंद," सर म्हणाले, "मी तुझी माफी मागायला आलोय. मध्ये बोलू नकोस."

"असू दे ना सर—"

"मध्ये बोलू नकोस रे, बाबा. मी तुझी झिप बघितली नाही. का नाही बघितली? सगळे हसत होते आणि मला ते आवडत होतं, म्हणून. त्या एका हशासाठी तुझा जीव गेला असता. तुझ्या आईला मी काय तोंड दाखवलं असतं?"

आई दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"मस्करी होती सर," मिलिंद म्हणाला. "तुम्ही सगळ्यांचीच करायचा. मी पण हसायचो."

"हां. तू हसायचास." सर थोडे पुढे झाले. "मला एक खरं सांग. तुला आवडायचं?"

मिलिंद हसला. तेच त्याचं मोठं, सवयीचं हसू. सर हसले नाहीत. मीही नाही. ते हसू थोडा वेळ त्याच्या चेहऱ्यावर राहिलं, मग त्याला ते कुठे ठेवायचं कळेना. त्याने आईकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"नाही सर," तो म्हणाला. "नाही आवडायचं. एकदाही नाही."

 मला वाटलं सर आता रडतील किंवा हात धरतील. त्यांनी तसलं काही केलं नाही. नुसती मान हलवली, दोनदा. मग विचारलं, "माप घेऊ?"

"नको सर," मिलिंद म्हणाला. आवाज मऊच होता, पण त्यात ठामपणा होता. "मला परत नाही यायचं."

"बरं," सर म्हणाले.

चहा घेऊन ते उठले. आईंना वाकून नमस्कार केला, वयाने त्या फार मोठ्या नव्हत्या तरी. मिलिंद दारापर्यंत आला, पण जिन्यापर्यंत आला नाही. लिफ्ट समोरच उभी होती. सर जिन्याने निघाले, म्हणून मीही मागे गेले. पहिल्या वळणावर ते कठडा धरून थांबले.

"एकदापण नाय, म्हणालो तो," ते म्हणाले.

मी एक पायरी उतरून त्यांच्या शेजारी उभी राहिले.

"माका वाटायचा, लोकांका माझ्याबरोबर मजा येता."

मजा यायची, सर, असं म्हणावंसं मला फार वाटलं. ते खरंही होतं. पण ज्या मजेविषयी ते विचारत होते तिच्याबद्दल बोलायला त्या जिन्यात मला तोंड नव्हतं. त्यांनी माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. "तू थांब थोडी त्याच्याकडे," म्हणाले. "एकटो पडलो असतलो." आणि खाली उतरू लागले.

त्यानंतर महिन्याभरात त्यांनी गाळा बंद केला आणि गावी निघून गेले. कुणाचाच फोन ते उचलत नाहीत. माझ्या डोळ्यांसमोर आहेत ते त्या जिन्यातलेच. खालून एक बाई दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन वर येत होती. जिना चांगला रुंद होता. तरी मयेकर सर भिंतीला पाठ लावून, पोट आत ओढून, अंग चोरून उभे राहिले, ती पूर्ण वर जाईपर्यंत.